मिश्किनला बावळट म्हणणाऱ्यांनो

आज वाचनकट्ट्यावरून तणतणतच घरी आलोय. दोस्तोयव्हस्कीची 'इडियट' कादंबरी होती चर्चेला, तिचा नायक हा मिश्किन. एक जण म्हणाला, "मिश्किन बावळट आहे हो, बाउंड्रीजच नाहीत त्याला, थेरपी घ्यायला हवी होती." आणि सगळे हसले. सगळे!

अरे, वाचलीत तरी का? गान्या नावाचा तरुण बहिणीवर हात उगारतो, मिश्किन तो मध्येच धरतो आणि थोबाडीत त्यालाच बसते. तर हा म्हणतो काय, केल्याची तुला फार लाज वाटेल! स्वतःचा गाल चुरचुरत असताना मारणाऱ्याची काळजी. बावळटाला सुचतं हे?

रशियात अशांना युरोदिवी म्हणत, ख्रिस्तापायी वेडे झालेले. रोगोझिन नावाचा सहप्रवासी रेल्वेच्या डब्यात, पहिल्याच भेटीत मिश्किनला तसा ओळखतो. पुश्किनच्या 'बोरिस गोदुनोव' नाटकातला निकोल्का, तोही असाच युरोदिवी, तर थेट झारलाच सांगतो, पोरं मला छळतात, छोट्या राजपुत्राला मारवलंस तसं यांनाही मारव. झार म्हणतो, माझ्यासाठी प्रार्थना कर. हा म्हणतो, हेरोद राजासाठी, म्हणजे बायबलमधल्या त्या बाळं मारवणाऱ्यासाठी, नाही करता येत.

मला अशा वेळी मामाच आठवतो. वाटणीच्या बैठकीत विहिरीवरून भाऊ हमरीतुमरीवर आलेले आणि हा शांतपणे म्हणाला, "विहीर आपली नाहीच. बाबांनी बांध सरकवला होता." तेव्हापासून घरात तो 'खुळा'. नाव कुणी पाडलं? ज्यांना बांधाचं पक्कं ठाऊक होतं त्यांनीच.

हो, मान्य, मिश्किनवर जीव लावणाऱ्या दोघींपैकी नास्तास्या त्याच्यामुळे वाचत नाही, अग्लायाचं वाटोळं होतं. मामाच्या बोलण्यानेही विहीर परत गेली नाही, आणि मामीने काय सोसलं ते तिलाच विचारा. पण निखळ सुंदर माणूस रंगवण्याइतकं अवघड काही नाही, असं १८६८ च्या जानेवारीत दोस्तोयव्हस्कीने भाचीला कळवलं होतं. त्याला शेवटी जिंकवून टाकलं असतं तर कसलं अवघड!

असो. लिहिता लिहिता राग जरा उतरला. तेवढी स्वित्झर्लंडमधली मारी पुन्हा वाचा. फसवली गेलेली, क्षयाने खंगलेली पोर. पाद्री तिला भर चर्चमध्ये, आईच्या शवपेटीसमोर बोल लावतो, गावची पोरं तिच्या अंगावर घाण फेकतात. मिश्किन आपली हिऱ्याची पिन आठ फ्रँकला विकून पैसे तिच्या हातात ठेवतो, पोरांशी बोलत राहतो, आणि तीच पोरं तिच्यासाठी चोरून खाऊ आणायला लागतात. यावर पाद्री आणि शाळामास्तर भडकतात ते मिश्किनवरच.

भडकणारच. मामावर भडकले होते तसेच.