फ्रीलान्सरचं बिल कामगार आयुक्त वसूल करून देणार नाहीत

परवा रात्री साडेदहाला आतेबहिणीचा फोन. "तो मेसेज वाचलास का रे? आता सात तारखेच्या आत पैसे द्यावेच लागणार. मी कामगार आयुक्तांकडे अर्ज टाकतेय."

ताई चित्रकार आहे. मुलांच्या अभ्यासपुस्तकांसाठी चित्रं काढून देते. एका प्रकाशकाकडे तिचे 24 चित्रांचे 36 हजार रुपये कधीचे अडकलेत. मेसेज तिला सोसायटीच्या ग्रुपवर आला, मला तीन ठिकाणांहून. 'फ्रीलान्सर बंधू-भगिनींनो, 21 नोव्हेंबर 2025 पासून तुम्हीही कर्मचारी!' अशी सुरुवात, खाली मुद्दे आणि शेवटी 'नोंदणी शुल्क भरा' म्हणून एक लिंक.

तारीख बरोबर आहे. त्या दिवशी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत सामावले गेले. पण तारीख खरी म्हणून लोक पुढचं सगळंच खरं धरून चाललेत, राग त्याचा येतो.

'क्लायंटने 7 तारखेपर्यंत पैसे दिले नाहीत तर कामगार आयुक्त वसूल करून देतील.' सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. सात तारखेचा नियम वेतन संहितेच्या कलम 17 मध्ये आहे आणि तो मासिक पगारावरच्या कर्मचाऱ्यासाठी आहे. कर्मचारी म्हणजे आस्थापनेने वेतनावर ठेवलेला माणूस. ताईला कोणीही ठेवलेलं नाही. ती घरी बसून, स्वतःच्या रंगांनी, तीन-चार जणांची कामं घेते आणि चित्रामागे पैसे लावते. नेमणूक दाखवा म्हटलं तर तिच्याकडे 'ताई, गुरुवारपर्यंत होईल का?' एवढेच मेसेज आहेत. असा अर्ज घेऊन ती महिनाभर खेटे घालणार, आणि जो कायदा खरंच तिच्या बाजूचा आहे त्याच्याकडे बघणारही नाही.

तो कायदा 2006 चा आहे, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या छोट्या सेवा पुरवणाऱ्यालाही तो लागू होतो. लेखी करारात मुदत कितीही असो, काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या वर पैसे रोखता येत नाहीत. करारच नसेल तर मुदत 15 दिवसांची. आणि काम पोचल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असंच धरतात. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही महिन्याच्या हिशोबाने. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे करायची. नोंदणी मात्र काम घेण्याआधी केलेली असावी, मागाहून केली तर वाद होतात. हे कोणी फॉरवर्ड करत नाही!

'तुमच्या प्रत्येक बिलातून सरकार 1 ते 2 टक्के कापणार.' साफ खोटं. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम 114 नुसार ही रक्कम अ‍ॅग्रिगेटर कंपनीने, म्हणजे अ‍ॅपवरून ग्राहक आणि काम करणाऱ्याची गाठ घालून देणाऱ्या कंपनीने, स्वतःच्या वार्षिक उलाढालीतून द्यायची आहे, आणि कामगारांना दिलेल्या पैशाच्या 5 टक्क्यांवर ती जाऊ शकत नाही. तुमच्या फीतून दहा टक्के कापले जातात तो टीडीएस, म्हणजे आगाऊ कापलेला आयकर, त्याचा कामगार कायद्याशी संबंध नाही.

'एका वर्षात ग्रॅच्युइटी, शिवाय पीएफ.' वर्षाची ग्रॅच्युइटी ठरावीक मुदतीच्या करारावर नोकरीला असलेल्यांना आहे, फ्रीलान्सरला नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या बरीच सैल आहे: पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेर काम करून कमावणारी व्यक्ती. शब्दशः वाचलं तर ताईही त्यात बसते. सातव्या अनुसूचीत टॅक्सी आणि जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपबरोबर व्यावसायिक सेवा आणि कंटेंट व मीडिया सेवाही आहेत. म्हणजे प्लॅटफॉर्मवरून काम घेणाऱ्या अनुवादकाला, डिझायनरला उद्या अपघात विमा, आरोग्य, म्हातारपणाची सोय अशा योजनांत जागा मिळू शकते. पण त्या विमा-सुरक्षेच्या योजना आहेत. त्यातून कोणी कर्मचारी होत नाही आणि थकलेलं बिलही सुटत नाही.

आणि ती लिंक. ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी कुठलीही लिंक उघडू नका, घरातल्या मोठ्यांनाही सांगा.

काल ताईकडे जाऊन बिल पाहिलं. वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवलेलं. ना बिल नंबर, ना तारीख. सुदैवाने 2021 मध्ये बँकेच्या कर्जासाठी काढलेलं उद्यम प्रमाणपत्र कपाटातल्या फाइलमध्ये सापडलं. मग नवीन बिल टाइप केलं, वर उद्यम क्रमांक, खाली चित्रं पाठवल्याची तारीख आणि 2006 च्या कायद्याचं कलम 15 व 16. रात्री नऊला ईमेल गेला. आयुक्तांचा अर्ज तिने फाडून टाकला.