दर मिनिटाला वेळ विचारून घड्याळ अचूक होत नाही

सांगली-साताऱ्यातल्या कॉलेजांच्या लॅब, पतसंस्था आणि वजनकाट्यांचे संगणक सांभाळणाऱ्यांत एक सूचना फिरते आहे: प्रत्येक पीसीवर दर मिनिटाला 'एनटीपीडेट' (इंटरनेटवरच्या सर्व्हरला वेळ विचारून पीसीचं घड्याळ लावणारा प्रोग्राम) चालवा, सर्व्हरचा आयपी पत्ता थेट टाका, सर्व्हर फुकटच असतात. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

'वारंवार विचारलं की वेळ जास्त अचूक.' नाही. पीसीच्या घड्याळाला ठोके देणारा मदरबोर्डवरचा क्रिस्टल दहा लाखांत वीस भाग चुकला, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. पण ही चूक बहुतांशी एकाच दिशेची असते. क्रोनी किंवा एनटीपीडी हे सतत चालू राहून वेळ जुळवणारे प्रोग्राम तिचं माप घेऊन घड्याळाचा वेगच सुधारतात, म्हणून तर विचारण्यातलं अंतर ते ६४ सेकंदांवरून आपणहून १०२४ पर्यंत नेतात. एनटीपीडेट वेगाला हात लावत नाही, नुसते काटे सरकवतं. शिवाय एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची ही पद्धत, निरोपाच्या जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो असं धरून चालतं. सीसीटीव्हीचं फुटेज अपलोड होत असताना निरोप जायला २०० आणि यायला २० मिलिसेकंद लागले, की घड्याळ ९० मिलिसेकंद चुकीचं लागतं. मिनिटामिनिटाला विचारलंत तर तीच चूक मिनिटामिनिटाला पदरात पडते. क्रोनी मात्र कमी विलंबाच्या मोजमापांवर जास्त भर देतो.

'फुकटच आहे.' एनटीपी पूल या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरांच्या सामायिक समूहातले सर्व्हर स्वयंसेवक आपल्या खर्चाने चालवतात. चाळीस पीसींचे दिवसाला ५७,६०० प्रश्न होतात, आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमुळे ते सगळे मिनिटाच्या शून्याव्या सेकंदाला एकदम जाऊन आदळतात. एकाच ब्रॉडबँडमागचे पीसी बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात. सर्व्हरने त्या पत्त्याला उत्तर देणं थांबवलं की चाळीसही पीसी वेळेविना राहतात.

'आयपी थेट टाका.' २००३ साली नेटगिअरच्या लाखो राउटरांत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता असाच कायमचा कोरलेला निघाला. उत्तर आलं नाही की ते राउटर दर सेकंदाला विचारत, आणि विद्यापीठाचं नेटवर्क त्या माऱ्याखाली सापडलं. पूलमधले सर्व्हर येतात-जातात, नाव टाका.

मग करायचं काय? कायम चालू असलेल्या, यूपीएसवरच्या एका लिनक्स मशीनवर क्रोनी बसवा. त्याच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'पूल' ओळीत इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी द्या, 'मॅक्ससोर्सेस' (जास्तीत जास्त किती सर्व्हर वापरायचे) चार ठेवा. 'आयबर्स्ट' फक्त सुरुवातीला काही पॅकेट लागोपाठ पाठवतो, तो चालेल. 'बर्स्ट' नको. विचारण्यातल्या अंतराच्या मर्यादा, 'मिनपोल' आणि 'मॅक्सपोल', आहेत तशाच राहू द्या. 'अलाउ' ओळीत फक्त आपल्या लॅनची, म्हणजे आतल्या नेटवर्कची, पत्त्यांची रेंज लिहा आणि एनटीपीचा यूडीपी १२३ पोर्ट लॅनपुरताच उघडा. बाकीच्या विंडोज पीसींवर 'इंटरनेट टाइम' टॅबमध्ये या मशीनचा पत्ता भरा. वेग स्थिरावला की बाहेर दिवसाला साधारण ३४० प्रश्न जातात. 'क्रोनीसी सोर्सेस' ही आज्ञा चालवल्यावर एका ओळीपुढे तारा दिसला की जुळणी झाली.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांच्या कक्षेत येणाऱ्या संस्थांनी एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलचे (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा), अथवा त्यांच्याशी जोडलेले सर्व्हर वापरायचे आहेत. तिथेही एकाच मशीनने विचारायचं.

आणि वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल, तर दोष वेळ जुळवणीचा नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. एवढा मोठा फरक विंडोज बऱ्याचदा आपोआप दुरुस्त करत नाही, नवा सेल बसवून तारीख एकदा हाताने लावावी लागते.