‘धा’ दोन ओळींत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

चौथीच्या मुलांना सॉनिक पाय या संगणक-प्रोग्रॅमवर कोड लिहून संगीत करायला शिकवावं, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की संगणकात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक भेद) नाहीत. त्यापेक्षा वर्गात एक पेटी आणून ठेवा. शिवाय, आधी रियाज, रचना मग.

पेटीचंच आधी घेतो. मींड नाही, श्रुती नाहीत, याच कारणांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दार लावून घेतलं होतं. ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं! सॉनिक पायमध्ये ६० म्हणजे मधला सी, पुढचा प्रत्येक आकडा अर्ध्या स्वराने वर. पण ६३.४ असंही लिहिता येतं, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतही जाता येतं. अर्थात म्हणून चौथीतल्या पोराला दरबारी रागाचा झुलता गंधार मी त्यावर शिकवणार नाही. सूर गळ्यातूनच यावा, यावर आपलं भांडण नाहीच.

माझा सगळा भर लयीवर आहे. सॅम एरन यांनी केंब्रिज विद्यापीठात असताना शाळकरी मुलांसाठी सॉनिक पाय तयार केलं. त्यात सुरुवातीला दोनच शब्द पुरतात, ‘प्ले’ आणि ‘स्लीप’. स्लीप विसरलं की सगळे स्वर एकदम अंगावर येतात. दोन आवाजांमधली मोकळी जागासुद्धा आपणच लिहायची असते, हे मुलाला कोणी सांगावं लागत नाही.

आता तबला. त्याचे सुटे बोल आत भरलेलेच आहेत. ‘ना’ची एक ओळ, खाली डग्ग्यावरच्या ‘घे’ची, मध्ये स्लीप नाही : झाला धा. सोळा मात्रांचा तीनताल लिहिताना दहाव्या मात्रेला मुलं अडतात. तिथून तेराव्यापर्यंत तिं तिं ता ता; म्हणजे डग्ग्याच्या ओळी खोडायच्या. खोडल्या की ठेका हलका झालेला लगेच ऐकू येतो, आणि चौदाव्या मात्रेला डग्गा परत आला की मुलं आपोआप माना डोलावतात. ‘खाली’ म्हणजे तालाचा टाळी न देण्याचा भाग; तिची व्याख्या पाठ असलेल्या कितीतरी मुलांना हा फरक कानाने कधी कळलेलाच नसतो. त्या बोलांना हाताचा निकास, म्हणजे बोटांनी बोल काढण्याची ढब, नाही, हे कबूल.

स्क्रीनची काळजी मलाही आहे. म्हणून टाळी-खाली आधी हातावर, मग यंत्र, तेही दोघांत एक. बऱ्याच शाळांत संगणकांची खोली असते, आणि तिथे मुलं पेंटमध्ये घर, डोंगर, सूर्य काढत बसतात. सॉनिक पाय फुकट आहे. एका पेटीपुढे चाळीस मुलं बसवली तर वाजवणार एक, बाकीचे बघणार.

‘आधी रियाज’ मात्र मला पटत नाही. चित्रकलेची परीक्षा दिल्याशिवाय खडू हातात धरू नको, असं आपण कुठल्या मुलाला सांगतो?

पुढच्या लेखात झपताल घ्यायचा आहे, दोन-तीन-दोन-तीन. कोड आधी तुम्हाला पाठवतो. वजन कुठे चुकतंय ते तुम्हीच सांगा.