बोर्डवरचा लाल रंग पुसून काम पुढे सरकत नाही!

आमच्या सॉफ्टवेअर टीमच्या कामांच्या बोर्डवरचा 'ब्लॉक्ड' कॉलम, म्हणजे अडकलेल्या कामांचा लाल रकाना, काढून टाका असा हुकूम आलाय. का, तर क्लायंटच्या डेमोत लाल रंग वाईट दिसतो! अहो, तो दिसावा म्हणूनच तर बोर्ड लावलाय ना?

डोकं फिरतं नुसतं. आमचा कोड दोन-तीन दिवसांत लिहून होतो आणि मग टेस्टिंगच्या रांगेत सडतो, कारण सगळ्या टीम्सना मिळून टेस्ट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कोड तपासायची यंत्रणा, एकच. डेटाबेसच्या टेबलात साधा एक कॉलम वाढवायचा तरी दुसऱ्या डिपार्टमेंटची मंजुरी लागते, आणि त्यांची मीटिंग फक्त गुरुवारी. गुरुवार हुकला की स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला छोटा टप्पा, बोंबलला. पूर्वी वर्षभराच्या प्रोजेक्टमध्ये हे आठवडे कुठे गडप व्हायचे, कुणाला पत्ता नसायचा. दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू झाले आणि सगळं उघडं पडलं. ॲजाइल, म्हणजे असं छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत, एवढंच करतं, दुखणं कुठे आहे ते दाखवतं. औषध द्यायचं ते ज्यांच्या हातात सही आहे त्यांनी.

आणि सहीवाले विचारतात काय? 'व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पुरे झालेले पॉइंट) का पडली? शेजारच्या टीमचे 60 पॉइंट होतात, तुमचे 35 च कसे?' स्टोरी पॉइंट हा एखादं काम, म्हणजे स्टोरी, किती मोठं आहे याचा त्या त्या टीमचा आपापसातला अंदाज असतो, दोन टीम्सची त्यावर तुलना होतच नाही, हे सांगून तोंड दुखलं. शेवटी व्हायचं तेच झालं. पोरं 3 ची स्टोरी 8 ची लिहायला लागली. चार्ट वर चढला, रिलीज होतं तिथेच.

रेट्रोचं, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय चुकलं ते बोलायच्या मीटिंगचं, तर विचारूच नका. 2001 मध्ये युटातल्या स्नोबर्डला 17 जणांनी बसून ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या 12 तत्त्वांतलं शेवटचं हेच सांगतं की टीमने ठरावीक काळाने थांबून विचार करावा आणि आपली पद्धत बदलावी. आमच्या रेट्रोत दर वेळी तो गुरुवार निघतो आणि दर वेळी ॲक्शन आयटम स्क्रम मास्टरच्या, म्हणजे टीमच्या अडचणी सोडवायला नेमलेल्या बाईच्या, गळ्यात पडतो. तिला त्या डिपार्टमेंटचे साहेब भेटायची वेळसुद्धा देत नाहीत! एका नव्या मुलीने मॅनेजरसमोर हे स्पष्ट बोलून दाखवलं, तर तिच्या ॲप्रेझलमध्ये 'निगेटिव्ह ॲटिट्यूड' असा शेरा. तेव्हापासून रेट्रोत सगळे 'ऑल गुड' म्हणतात आणि कॉल सोडतात. कोण बोलेल?

टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरचा कुठलाही कामगार दोरी ओढून अडचण कळवतो, टीम लीडर लगेच त्याच्याकडे येतो, आणि वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते. तिथे दोरी ओढणं हा कामाचा भाग आहे. आमच्याकडे ती गद्दारी ठरते.

सर्टिफिकेशनला पैसे आहेत, बाहेरच्या कोचला आहेत, जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरच्या महागड्या प्लगइन्सना आहेत. दुसऱ्या टेस्ट एन्व्हायर्नमेंटचं नाव काढलं की बजेट संपतं. नको आम्हाला कोच. ते एन्व्हायर्नमेंट द्या, छोट्या बदलांची मंजुरी टीमच्या हातात द्या, आणि त्या मुलीच्या ॲप्रेझलमधला शेरा आधी काढा.