हेन्री सुटला, म्हणून सिनेमा अनैतिक?

‘हेन्री : पोर्ट्रेट ऑफ अ सिरियल किलर’बद्दल एक मजकूर हातोहात फिरतोय. म्हणणं असं, की ही खऱ्या खुन्याची खरी कहाणी आहे, खून चवीचवीने दाखवलेत, आणि शेवटी खुनी मोकळा सुटतो; म्हणजे सिनेमा त्याच्याच बाजूचा. सिनेमा आवडू नये, यात काहीच गैर नाही. मलाही तो दुसऱ्यांदा बघवला नाही. पण आरोप निदान लागू पडणारा तरी असावा!

आधी ते ‘चवीचवीने’. जॉन मॅकनॉटनने हा सिनेमा १९८५ मध्ये शिकागोत, लाखभर डॉलरच्या आसपास खर्चून काढला. सुरुवातीचे खून दिसतच नाहीत. कॅमेरा प्रेतांवरून शांतपणे फिरतो, मागून झटापटीचे आणि किंकाळ्यांचे आवाज येतात. पुढे हेन्री आणि त्याचा साथीदार ओटिस एका कुटुंबाची हत्या करतात आणि व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपतात. आपण ते खरखरीत चित्र बघत असतो, आणि मग कळतं की तेही सोफ्यावर बसून तेच बघताहेत. ओटिस टेप मागे घेतो. त्याला ते पुन्हा बघायचंय, सावकाश. आणि आपण? त्यांच्याच सोफ्यावर. चवीने बघायला आलेल्याचा घास इथे घशात अडकतो.

शिक्षेचं म्हणाल तर, हो, पोलीस येत नाहीत. हेन्री रस्त्याकडेला एक सुटकेस ठेवतो आणि निघून जातो. शेवटच्या रिळात पोलिसांची जीप बघायची आपल्याला सवय. ती आली की आपण निवांत घरी जातो. इथे तो निवांतपणा मिळत नाही, एवढंच. अमेरिकेच्या प्रमाणन मंडळालाही अमुक दृश्य कापा असं सांगता येईना. त्यांना एकूण सूरच खुपला आणि त्यांनी ‘एक्स’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, दिलं.

राहिली ‘खरी कहाणी’. सिनेमातला हेन्री ज्याच्यावर बेतलाय, त्या हेन्री ली लुकासने शेकड्यांनी खून कबूल केले. कबुली दिली की तुरुंगाबाहेर सैर, सिगारेटी, स्ट्रॉबेरी मिल्कशेक. पोलिसांनी दोनशेवर प्रकरणं त्याच्या नावावर मिटवून टाकली. पुढे पत्रकारांनी आणि टेक्सासच्या ॲटर्नी जनरलच्या अहवालाने दाखवून दिलं, की यातल्या कित्येक खुनांच्या वेळी तो भलत्याच ठिकाणी होता. ज्या १९७९ च्या खुनासाठी त्याला मृत्युदंड झाला, तेव्हाही तो फ्लोरिडात कामावर असल्याच्या नोंदी निघाल्या. १९९८ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी त्याची जन्मठेप केली.

सिनेमाला या थापांचा वास लागला होता. हेन्री ओटिसच्या बहिणीला, बेकीला, सांगतो, आईला भोसकलं. थोड्या वेळाने म्हणतो, गोळी घातली. ती टोकते, तर लगेच ‘हो, भोसकलंच’.

तरीही एक गोष्ट मला खटकते, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. सुरुवातीच्या पाटीवर ओटिस आणि बेकीचा भाग काल्पनिक असल्याचं म्हटलंय. नावं मात्र काल्पनिक नाहीत. ओटिस टूल हा लुकासचा खराखुरा साथीदार. त्याची अल्पवयीन भाची लुकासने १९८२ मध्ये मारली. तिला बेकीच म्हणत. सिनेमात ती ओटिसची मोठी झालेली बहीण आहे, हेन्रीवर भाळलेली. खुन्यावर सिनेमा काढला म्हणून मी मॅकनॉटनला जाब विचारणार नाही. त्या पोरीचं नाव तेवढं सोडायला हवं होतं.