खुलासा: व्ह्यू ३ मध्ये कस्टम डिरेक्टिव्ह बंद झालेले नाहीत

लातूर-नांदेडकडच्या डेव्हलपर ग्रुपांवर वेब पानं बनवण्याच्या व्ह्यू (Vue) या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कबद्दल मेसेज फिरतोय: ‘व्ह्यू ३ ने कस्टम डिरेक्टिव्ह काढून टाकले, सगळं कंपोनंटमध्येच लिहा.’ हे चूक आहे. कस्टम डिरेक्टिव्ह म्हणजे पानावरच्या एलिमेंटला आपण स्वतः लिहिलेलं वागणं जोडायची सोय. ती तशीच आहे, फक्त तिच्या हुकांची (ठरावीक टप्प्यावर आपोआप चालणाऱ्या फंक्शनांची) नावं बदलली. व्ह्यूच्या अधिकृत मायग्रेशन गाइडमध्ये (व्ह्यू २ वरून ३ वर जाण्याच्या मार्गदर्शिकेत) यादी दिलेली आहे: ‘बाइंड’चं ‘बिफोरमाउंट’, ‘इन्सर्टेड’चं ‘माउंटेड’, ‘कंपोनंटअपडेटेड’चं ‘अपडेटेड’, ‘अनबाइंड’चं ‘अनमाउंटेड’. जुना ‘अपडेट’ तेवढा खरंच गेला.

गैरसमज होणं साहजिक आहे. समजा, बाजार समितीच्या आवक नोंदीच्या फॉर्मवर पावती क्रमांकाच्या चौकटीत कर्सर आपोआप जावा म्हणून ‘इन्सर्टेड’मध्ये फोकस लिहिलाय. व्ह्यू ३ तो हुक चालवतच नाही, आणि कन्सोलवर एररही दिसत नाही. मग वाटतं, डिरेक्टिव्हच गेले! नाव ‘माउंटेड’ करा, कर्सर जागेवर येतो. क्लिक किंवा स्क्रोलचे लिसनर (ते घडलं की चालणारी फंक्शनं) विंडोवर लावले असतील तर ते ‘अनमाउंटेड’मध्ये काढा, नाहीतर पान बदललं तरी ते चालूच राहतात.

आणि डिरेक्टिव्ह शक्यतो साध्या एलिमेंटवरच लावा. एकापेक्षा जास्त रूट (सर्वांत बाहेरचे एलिमेंट) असलेल्या कंपोनंटवर तो लागत नाही, नुसती वॉर्निंग येते.

तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथं हा खुलासा टाका.