लँकेशायरच्या जुन्या फोटोंखाली वर्ष टाकण्याआधी

लँकेशायर म्हणजे वायव्य इंग्लंडमधली कापडगिरण्यांची काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग). तिथले जुने फोटो हल्ली फेसबुकवर खूप फिरतात: गिरण्यांच्या धुरांड्यांचं, म्हणजे चिमण्यांचं जंगल, दगडी फरशीचे रस्ते, शाली पांघरलेल्या गिरणी कामगार बायका. खाली बिनदिक्कत लिहिलेलं असतं, "मँचेस्टर, १८८०". बहुतेक वेळा ते मँचेस्टर नसतं आणि १८८०ही नसतं. त्यात भर म्हणून कुणीतरी एआयने रंग भरलेले असतात. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. कारण हा नुसता इंग्रजांचा इतिहास नाही, आपलाही आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते ६५ तिथला कापूस अडला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडातला कापूस याच गिरण्यांत गेला. १९१३ साली ब्रिटनने जवळपास ७०० कोटी यार्ड सुती कापड निर्यात केलं, आणि त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होता. डार्वेन गावातल्या एका गिरणीचं तर नावच 'इंडिया मिल'. तिची ३०३ फुटी चिमणी इटलीतल्या घंटाघरासारखी बांधलेली आहे.

फोटो हातात आला की आधी उलटा करा. पोस्टकार्ड असेल तर अर्धं काम मागच्या बाजूवरच होतं. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत मागची पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असे, मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहावा लागे. मधे रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता अशी मांडणी दिसली, तर कार्ड १९०२ किंवा त्यानंतरचं. देशांतर्गत पोस्टकार्डाला ३ जून १९१८ पर्यंत अर्धा पेनी पडे, मग एक पेनी झाला. तिकिटावर सातवा एडवर्ड आहे की पाचवा जॉर्ज, तेही पाहा. जॉर्जची तिकिटं १९११ च्या जूनपासूनची. पण शिक्क्यावरची तारीख कार्ड टपालात पडल्याची, फोटो काढल्याची नव्हे. प्रकाशक जुन्याच निगेटिव्हवरून वर्षानुवर्षं कार्डं छापत. म्हणून शिक्क्यावरून एवढंच ठरतं की फोटो त्या दिवसाच्या आधीचा आहे.

पुढची बाजू वाचायला सावकाश बसावं लागतं. ब्लॅकपूलचा मनोरा १८९४ मध्ये खुला झाला, शेजारचा अवाढव्य पाळणा १८९६ ते १९२८ एवढाच होता. दोन्ही एका चौकटीत असतील तर अवधी आपोआप आखला जातो. प्रेस्टनच्या चौकात टाऊन हॉलचा उंच घड्याळ-मनोरा दिसला तर फोटो १९४७ च्या आगीआधीचा. मँचेस्टरच्या रस्त्यावर डोक्यावर ट्रामची तार असेल तर तो १९०१ च्या आधीचा नाही. तारांची जोडी समांतर जात असेल तर ती ट्रॉलीबसची, म्हणजे १९३८ ते १९६६.

गिरणीच्या फोटोत मला सर्वांत उपयोगी वाटतं ते विणकामाच्या शेडचं करवती छप्पर. त्याच्या दातांची काचेची बाजू उत्तरेला ठेवत, कारण उत्तरेचा उजेड सारखा असतो आणि मागावर थेट ऊन पडत नाही. (मुंबईच्या गिरण्यांनी हीच पद्धत उचलली.) काच दिसली की उत्तर सापडली, उत्तर सापडली की सावलीवरून वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा. मग ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा खात्याचा पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) जुना नकाशा उघडायचा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. त्यात गिरणीचा तलाव, रेल्वेचा फाटा, चिमणीची जागा ताडून पाहायची. जुळलं नाही तर आधी फोटो आडवा उलटलाय का ते तपासा. काचेची निगेटिव्ह चुकीच्या बाजूने स्कॅन केली की हे होतं. पाट्यांची अक्षरं, रस्त्याच्या डावीकडून जाणाऱ्या गाड्या आणि पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर असणं, या तीन खुणा पुरतात.

शेडच्या आतले फोटो फसवे. छतातल्या शाफ्टवरून खाली आलेले चामडी पट्टे अगदी रेखीव दिसत असतील तर माग बंद करून फोटो काढलाय. एवढ्या कमी उजेडात उघडझाप सेकंदांची असे, चालता पट्टा धुरकटच यायला हवा. खाली "कामात गढलेल्या विणकर" असं लिहिलेलं असलं तरी त्या बायका फोटोसाठी उभ्या केलेल्या आहेत. तसंच चिमण्यांतून धूर नाही म्हणजे मंदी किंवा संप, असं धरू नका. 'वेक्स वीक' या वार्षिक सुट्टीत गावच्या सगळ्या गिरण्या एकदम बंद असत, आकाश निवळे, आणि फोटोग्राफर त्याच दिवसांची वाट पाहत.

आता रंगांबद्दल. जुन्या प्लेटला निळा रंग जास्त आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून आकाश पांढरं फटक येतं आणि ॲक्रिंग्टनची लाल वीट काळीकुट्ट. तो काळेपणा थोडा काजळीचा, थोडा प्लेटचा. एआयला हा फरक कळत नाही. तो काळी भिंत राखाडी रंगवतो, ट्रामला मनाला येईल तो रंग देतो. त्याहून वाईट म्हणजे दुकानाच्या पाटीवरची पुसट अक्षरं 'स्पष्ट' करताना नवीच अक्षरं बनवतो. ती पाटी जुन्या व्यापारी डिरेक्टरीत शोधून वर्ष ठरवायचं असतं. पाटी बिघडली की तो रस्ताच बंद.

स्कॅन करताना मूळ आकाराला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवा. साडेपाच बाय साडेतीन इंची कार्डाचे ३३०० बाय २१०० पिक्सेल मिळतात, पाट्या वाचायला तेवढे पुरतात. मूळ फाइल टिफमध्ये, डाग-ओरखड्यांसकट, चारही कडा दिसतील अशी. मागची बाजूही स्कॅन करा. काचेची प्लेट कडेने धरा, साठवताना उभी ठेवा.

ठिकाण लिहिताना १ एप्रिल १९७४ विसरू नका. त्या दिवशी मँचेस्टर, बोल्टन, ओल्डहॅम ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेले, लिव्हरपूल मर्सीसाइडमध्ये, बॅरो कंब्रियात, वॉरिंग्टन चेशायरमध्ये. म्हणून १९०५ चा बोल्टनचा फोटो 'लँकेशायर'खालीच टाका, कंसात आजची काउंटी द्या. वर्ष नक्की नसेल तर "१८९६ ते १९११ दरम्यान" असं लिहा आणि कशावरून ते एका ओळीत सांगा, म्हणजे पुढच्याला तपासता येईल.